बत्तीर: पाण्याची पाळी आणि रचलेले दगड

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत दर उन्हाळ्यात पाण्यावरून वाद होतात. ते मिटवायला बसणाऱ्यांनी बत्तीर या पॅलेस्टिनी गावाचं पाणीवाटप एकदा नीट समजून घ्यावं.

बत्तीर जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला, डोंगराच्या कडेवर आहे. वरच्या कोरडवाहू पायऱ्यांच्या शेतांत ऑलिव्ह आणि द्राक्षं, झऱ्याखालच्या बागायतीत भाजीपाला. इथलं वांगं तर नावाजलेलंच. झऱ्याचं पाणी रोमन काळापासूनच्या हौदात साठतं. खुणा केलेली काठी बुडवून पातळी मोजायची आणि त्या हिशेबाने वाटे पाडायचे. आठ घराणी, प्रत्येकाला एक दिवस, म्हणून पाळी आठव्या दिवशी पुरी होते. सात दिवसांची पाळी असती तर शुक्रवार कायम एकाच घराण्याच्या वाट्याला आला असता. आठाने वार आपोआप फिरतो. आम्हाला यातली सर्वांत शहाणी गोष्ट ही वाटते की माप सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं.

1892 मध्ये जाफा-जेरुसलेम रेल्वे गावाखालून गेली आणि भाजी शहरात पोचू लागली. 1948 च्या अरब-इस्रायल युद्धात बहुतेक लोक निघून गेले. गावकरी हसन मुस्तफा आणि मागे राहिलेल्या मोजक्या माणसांनी रिकाम्या घरांत दिवे लावून गाव नांदतं असल्याचं भासवलं. इस्रायल आणि जॉर्डनमधली 1949 ची युद्धबंदी रेषा रुळांलगत आखली गेली, तेव्हा रेल्वेला धक्का लागू देणार नाही या हमीवर रेषेपलीकडची, इस्रायलच्या बाजूची शेतंही कसायला मिळाली. पुढे त्याच पट्ट्यातून इस्रायलची विभाजक भिंत जाणार होती. गावाने कोर्टात धाव घेतली, 2014 मध्ये युनेस्कोने ही शेती जागतिक वारशात घेतली आणि 2015 मध्ये भिंतीचा बेत थांबला.

हे सगळं उभं आहे ते दगडी बांधांवर. कोकणातल्या गडग्यासारखी सुकी रचाई, चुना-सिमेंट काही नाही. सर्वांत जड दगड तळाला, भिंतीचा कल डोंगराकडे, मागे बारीक दगडांची भर. पावसाचं पाणी फटींतून झिरपून जातं. सिमेंटने फटी लिंपल्या की पाणी मागे तुंबतं, भिंतीला पोट येतं आणि ती कोसळते. ठाण्याजवळच्या पारसिक डोंगराच्या पायथ्याच्या संरक्षक भिंतींतली निचऱ्याची भोकं बुजली तर हाच धोका.

तरुण नोकरीसाठी बाहेर पडले की आधी लांबच्या पायऱ्या ओस पडतात. तिथे निखळलेला दगड पावसाआधी बसवला नाही, तर वरची माती खालच्या बांधावर येते आणि तोही जातो.