रो-हाउसचा नकाशा: आधी जिना, मग खोल्या

रो-हाउसचा नकाशा काढायला बसलं की पेन्सिल आधी हॉलकडे जाते. हॉल झाला, किचन झालं, बेडरूम झाल्या की उरलेल्या कोपऱ्यात जिना कोंबायचा. घर बिघडतं ते इथेच. खोलीची भिंत सहा इंच इकडे-तिकडे सरकवता येते, पण जिना दोन्ही मजल्यांवर एकाच जागी यावा लागतो आणि त्याची लांबी ठरते ती पायऱ्यांच्या हिशेबाने. म्हणून आधी जिना बसवायचा. दुसरा नंबर संडास-बाथरूमच्या पाइपांचा. या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की खोल्यांना फारसं डोकं लागत नाही.

हिशेबासाठी एक घर घेऊ. दोन सामाईक भिंतींच्या मध्ये आतून १४ फूट रुंदी, पुढून मागे ३६ फूट लांबी, दोन मजले, फरशी ते फरशी १० फूट उंची.

१० फूट म्हणजे १२० इंच. १८ चढ (एका पायरीवरून पुढचीवर जायची उंची) धरले तर एक चढ ६.६७ इंचांचा होतो आणि पायरीची रुंदी १० इंच ठेवता येते. चढाची दुप्पट अधिक पायरीची रुंदी २३ ते २५ इंचांत बसली की जिना पायाला जड जात नाही. आपलं उत्तर २३.३ येतं, म्हणजे चालेल. आता हा जिना एका सामाईक भिंतीला लागून सरळ नेला तर १७ पायऱ्यांचे १४ फूट २ इंच (अठरावा चढ थेट वरच्या फरशीवर नेतो), वर-खाली उभं राहायला तीन-तीन फूट, असा २० फुटांचा पट्टा जातो. शेजारच्या खोलीला जेमतेम साडेदहा फूट उरतात. शिवाय पायऱ्या शेजाऱ्याच्या भिंतीत अडकवल्या असतील तर रात्री पाणी प्यायला उतरलेला माणूस पलीकडच्या घरातही ऐकू जातो.

त्यापेक्षा डॉगलेग, म्हणजे अर्ध्यावर उलटा वळणारा जिना घराच्या मधोमध आडवा टाकावा. नऊ-नऊ चढांचे दोन भाग, प्रत्येकात आठ पायऱ्या म्हणजे ६ फूट ८ इंच, त्यात तीन फुटांचं मधलं लँडिंग, म्हणजे वळायचा सपाट चौथरा. झाले ९ फूट ८ इंच. १४ फुटांतून उरलेले ४ फूट ४ इंच ही पुढून मागे जायची वाट, आणि जिन्यावर चढायची-उतरायची जागाही तीच. तीन-तीन फुटी दोन भाग आणि मधली चार इंच फट मिळून जिना घराच्या पुढून-मागच्या लांबीतले फक्त ६ फूट ४ इंच खातो. वाटेसकट बघितलं तर हा पट्टा मजल्याच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त आहे. कमी करायचा मोह होतो. पण जिन्याची रुंदी अडीच फुटांवर आणली की कपाट वर जात नाही आणि चढ ८ इंचांवर नेला की म्हातारी माणसं वर जात नाहीत.

मधल्या लँडिंगखाली संडास बसवायची कल्पना हमखास निघते. लँडिंग नऊ चढांवर, म्हणजे ५ फुटांवर. त्यातून स्लॅबचे ५-६ इंच वजा करा, खाली साडेचार फूट उरतात. तिथे वॉशिंग मशीन किंवा पाण्याचा पंप राहील, माणूस उभा राहणार नाही. पंप ठेवलाच तर रबरी पॅडवर आणि सामाईक भिंतीपासून सुटा ठेवा.

जिन्यात सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक नकाशात दिसतच नाही. खोलीत फरशी आणि खालचा माल मिळून अडीच इंच जाडी येते, पायरीवर ग्रॅनाइट मालासकट दीड इंच. सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायचा साचा बांधायच्या) वेळी सगळे चढ सारखे धरले असतील, तर फरशी झाल्यावर सगळ्यात खालचा चढ एक इंचाने कमी होतो आणि सगळ्यात वरचा एक इंचाने जास्त. माणूस पाय उचलतो तो आधीच्या पायऱ्यांच्या अंदाजाने, त्यामुळे त्या वरच्या पायरीला ठेच लागते. सेंट्रिंगमध्येच खालचा चढ एक इंच जास्त आणि वरचा एक इंच कमी घ्यायला सांगा. दोन्ही जाड्या मिस्त्रीला ओतकामाआधी लिहून द्या, तोंडी सांगितलेलं साइटवर टिकत नाही.

आता उजेड. दोन्ही बाजूंना शेजारी असल्यामुळे खिडक्या पुढे आणि मागेच. खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या साधारण दुपटीपर्यंत कामापुरता उजेड पोचतो. माथा ७ फुटांवर असेल तर १४ फूट. म्हणजे ३६ फुटांच्या घरात मधले आठेक फूट दिवसाही अंधारे राहणार. ज्या जागेत माणूस बसत नाही ती तिथे टाकायची: जिना आणि बाथरूम. जिन्याच्या डोक्यावरचं छत दीड-दोन फूट उचलून बाजूला काच आणि उघडणारे लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची झडप) दिले की उजेड जिन्यातून खालपर्यंत उतरतो आणि गरम हवा वरून निघून जाते. छतात सपाट काच बसवू नये. ती तापते, आणि तिची कड आज ना उद्या गळतेच.

जिन्याला लागून मागच्या अंगाला ४ फूट ३ इंचांचा पट्टा बाथरूमसाठी घ्या. १४ फूट रुंदीतली साडेतीन फुटांची वाट आणि साडेचार इंची भिंत सोडली तर १० फूट दीड इंच लांबी मिळते. वाटेकडून ५ फुटांचं बाथरूम, मग पाइपांचं डक्ट (उभे पाइप न्यायची बंद पोकळी), पलीकडे सव्वातीन फूट. दोन आडव्या भिंती वजा जाता डक्टला साडेतेरा इंच राहतात, ११० मिलिमीटरच्या उभ्या पाइपाला पुरेत. वरच्या मजल्यावर ही पलीकडची खोली मागच्या बेडरूमचा संडास होते. खाली तीच जागा किचनमधून दार दिलेली कोठी. वरचे दोन्ही कमोड डक्टला पाठ लावून बसवले की आडवा पाइप फूटभराचाच राहतो. नहाणी ट्रॅपसाठी (फरशीतलं पाणी जायची, वास अडवणारी जाळी) मात्र वरच्या बाथरूमचा स्लॅब ९ ते १२ इंच खाली सोडायला लागेल.

डक्टला प्रत्येक मजल्यावर फूट बाय दोन फुटांची झडप ठेवा, पाइप जिथे वळतो नेमकी तिथे. टाइल लावून बुजवलेलं डक्ट पहिल्या तुंबण्यालाच फोडावं लागतं. खालचा पाइप किचनच्या फरशीखालून मागच्या अंगणात जाईल, ४० ला १ उताराने. १२ फुटांत साडेतीन इंचांहून थोडं जास्त. चेंबर (पाइप तपासायची हौदी) घराबाहेरच. बाथरूमची दारं बाहेर उघडणारी घ्यावीत: एवढ्याशा जागेत आत कोणी घसरून पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. वाट घटकाभर अडेल, अडू दे.

मग पुढे १२ फूट, जिना ६ फूट ४, बाथरूम ४ फूट ३, मागे १२ फूट. तीन भिंतींचे साडेतेरा इंच. बेरीज ३५ फूट साडेआठ इंच. उरलेले साडेतीन इंच शिल्लक समजू नका. तीन भिंतींच्या सहा बाजूंना अर्धा-अर्धा इंच गिलावा धरला की तीन इंच तिथेच गेले.

मागच्या खोलीत किचन आणि जेवणाचं टेबल. सामाईक भिंतीला लागून २ फुटांचा ओटा, पुढे साडेतीन फूट उभं राहायला, अडीच फुटांचं टेबल, पलीकडे खुर्ची मागे ओढायला अडीच फूट, आणि मागच्या दाराकडे जायला साडेतीन फूट. बरोब्बर १४. टेबलाच्या ओट्याकडच्या अंगाला मात्र खुर्ची लावू नका, कोणी बसलं की स्वयंपाक थांबतो. सिंक खिडकीखाली, शेगडी तिच्यापासून निदान तीन फुटांवर, दोन्हींच्या मध्ये चिरायला-ठेवायला मोकळा ओटा. शेगडी खिडकीखाली नको, वाऱ्याने ज्योत विझते.

वरची पुढची खोली, १४ बाय १२, मधे भिंत घालून दोन मुलांना वाटून द्यायची असेल तर मोजमाप जमतं: प्रत्येकी पावणेसात फूट. तीन फुटी पलंग टाकूनही पावणेचार फूट उरतात. अडतं ते वाटेवर. जिन्यावरची वाट एका कडेला असल्यामुळे दुसऱ्या खोलीत पहिलीतूनच जावं लागतं. मग पहिलीतून तीन फुटांची वाट कापायची की भिंतीऐवजी दोन्हीकडून उघडणारी कपाटं उभी करायची, ते आधी ठरवा, कारण दोन स्वतंत्र खिडक्या दर्शनी भिंतीतच सोडायच्या असतात. मोठ्या पलंगाच्या खोलीत ६ बाय साडेसहाच्या पलंगाला दोन्ही अंगांना दोन फूट, पायथ्याशी अडीच. कपाटं २ फूट खोल, ती सामाईक भिंतीला लावा, कपड्यांनी आवाज दबतो. दाराची चौकट कोपऱ्यापासून सव्वादोन फूट सोडून घेतली तरच दारामागे कपाट राहतं. चार इंच सोडून घेतलेली चौकट ती अख्खी भिंत वाया घालवते.

हे सगळं ५० ला १ या मापाने कागदावर काढा. एक फूट म्हणजे ६ मिलिमीटर, अख्खा मजला ए-फोर कागदावर मावतो. पलंग, कपाट, टेबल, फ्रिज त्याच मापात पुठ्ठ्याचे कापा आणि सरकवून बघा, दारांच्या पाकळ्याही कापा. मग चुन्याने जमिनीवर आखून घ्या, पण भिंतीची जाडी दाखवायला दोन रेघा मारा. एका रेघेने आखलेली बाथरूम चालून बघताना ऐसपैस वाटते आणि वीट चढल्यावर साडेचार इंचांनी आखडते.