हर्णैसारखी बंदरं कशी निवडली – माझा अनुभव

कोकणात कुठे जाऊ विचारलं की सगळे बीचच सांगतात, पण मला बंदरं बघायची होती. हर्णैचा संध्याकाळचा लिलाव आधी बघितला होता आणि तो डोक्यातून जात नव्हता, म्हणून ठरवलं की तशीच अजून बंदरं शोधून दापोलीपासून खाली देवगडपर्यंत एका दमात करायची. तशीच म्हणजे जुनं, किल्ल्याच्या आडोशाचं आणि मुख्य म्हणजे जिथे आजही मासळी उतरते असं.

नेटवर शोधलं तर रिसॉर्ट आणि वॉटर स्पोर्ट्सशिवाय काही येईना. शेवटी आत्याला फोन केला. ती देवगडची, लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायची. म्हणाली, "अरे सरळ बोटीची बंदरं घे ना, एवढं काय शोधतोस," आणि फोनवरच म्हणून दाखवलं, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मग मालवण, वेंगुर्ला. बोट किनाऱ्याला लागायची नाही, बाहेर नांगर टाकायची आणि माणसं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, उतरायची, त्यामुळे जिथे नांगरायला आडोसा तिथेच थांबा. म्हणजे मला हव्या असलेल्या गावांची यादी बोटवाल्यांनी केव्हाच करून ठेवली होती!

मग नकाशा उघडून बसलो. हर्णैला खाडी नाही, समोरच्या सुवर्णदुर्गाचा आडोसा आहे. बाकीची बहुतेक खाडीच्या तोंडाशी, दाभोळ वाशिष्ठीच्या, जयगड शास्त्रीच्या, विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या. खाडीच्या तोंडाला किल्ला का असतो हे नकाशात लगेच कळतं, आत जाणारं प्रत्येक गलबत तोफेच्या माऱ्यात येतं. रत्नागिरीचं मिरकरवाडा मोठं बंदर, त्याला वेगळा दिवस हवा म्हणून बाजूला ठेवलं. मालवण मला मनापासून आवडतं पण सीझनला गर्दी फार, तेही सोडलं. मुसाकाजीच्या जागी त्याच बाजूचं साखरीनाटे घेतलं कारण होड्या तिथे जास्त.

तारखा ठरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा जाऊन काही उपयोग नाही, म्हणून डिसेंबर पकडला. नंतर भरती-ओहोटी. आत्याचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे अष्टमीला पूर्ण भरती साधारण सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास, पुढे रोज पाऊण तास उशीर. मोबाईलवरच्या तक्त्याशी ताडून बघितलं, थोडाफार फरक सोडला तर बरोबर येतं. हे बघायलाच हवं कारण विजयदुर्गजवळ गिर्येला खडक तासून केलेली आरमारी गोदी आहे आणि ती नीट बघायची तर ओहोटीच पाहिजे.

हर्णैला पोचलो तेव्हा पाणी उतरलेलं, बोटी लांब थांबलेल्या आणि बैलगाड्या आसापर्यंत पाण्यात शिरून मासळी आणत होत्या. टोपली वाळूवर रिकामी झाली की भोवती बायकांचं कोंडाळं, बोली चढत जाते, मधेच कोणीतरी मान हलवते आणि खेळ संपला, लगेच बर्फ आणि पुढची टोपली. सुरमईच्या ढिगापाशी एका मावशीने माझ्या हाताला धरून बाजूला केलं, "भाऊ, वाटेत नको, गाडी येतेय," बघतो तर मागे खरंच बैल!

दाभोळहून पुढे फेरीबोटीत गाडी घालून धोपावे, आणि तवसाळहून परत तसंच जयगड. रस्त्याने वळसा घेऊ नका, पाण्यातून गेल्याशिवाय या गावांचं एकमेकांशी नातं कळत नाही. दाभोळ तर एकेकाळी घोड्यांच्या व्यापाराचं मोठं बंदर, अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी 15व्या शतकात घरी जायला इथूनच जहाजात बसला. आज जेटीवर उभं राहिलं तर जाळी विणणारे लोक दिसतात आणि वर शाही मशिदीचा घुमट.

विजयदुर्गला मात्र मी गप्पच झालो. 1756 मध्ये इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथे जाळलं, आणि तेही पेशव्यांशी हातमिळवणी करून, हे वाचून माहीत असतं पण गोदीच्या त्या तासलेल्या खडकावर हात ठेवला की राग येतो, खरंच येतो. एवढं काम करणारे सुतार, लोहार, तांडेल, त्यांची नावंसुद्धा आपल्याकडे नाहीत. किल्ला बघून लगेच निघणाऱ्यांनी प्लीज गिर्येला जा.

देवगडला आत्याकडे मुक्काम. संध्याकाळी ती स्वतः लिलावाला घेऊन गेली, बांगडा घेतला, घासाघीस केली आणि बोट कुठे नांगरायची ते दाखवलं. वेंगुर्ला राहिलंय, तिथली डच वखार आणि समोरचे खडक बघायचेत, पुढच्या वेळी आत्यालाच सोबत घेऊन जाणार आहे. कोणी साखरीनाट्याला पहाटे गेलं असेल तर मासळी किती वाजता उतरते सांगा, आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं.