ट्रेमधली पहिली बिअर

गर्दी नसलेल्या दुपारी ब्रूपबमध्ये, म्हणजे आपली बिअर तिथेच बनवणाऱ्या पबमध्ये, जाण्याचा एक फायदा असा की, बिअर आणून देणाऱ्याला दोन शब्द बोलायला सवड असते. त्याने खाचा पाडलेला लाकडी ट्रे समोर ठेवला, छोट्या ग्लासांवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवत लागर, गव्हाची बिअर, कडवट आयपीए आणि काळी स्टाउट अशी नावे सांगितली आणि याच क्रमाने प्या असे बजावले. सांगणे रास्तच होते, कारण हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा जिभेवर रेंगाळतो, घोटागणिक वाढत जातो आणि त्यानंतर एखादी नाजूक चव आली तरी तिची दखल घेतली जात नाही.

मला मात्र कोणताही ग्लास एका दमात संपवणे जमत नाही. प्रत्येकात दोन घोट राखून ठेवायचे आणि शेवटच्या ग्लासापर्यंत पोहोचलो की तिथून उलट फिरायचे, ही माझी जुनी खोड आहे. सोबतच्यांना तिचा वैताग येतो, कारण त्यांचे ग्लास केव्हाच रिकामे झालेले असतात आणि मी अजून आयपीएला दुसऱ्यांदा हुंगत बसलेला असतो.

या हुंगण्यात खरी मजा गव्हाच्या बिअरची. जर्मन पद्धतीने केलेल्या या गढूळ बिअरला पिकल्या केळ्याचा आणि मागून लवंगेचा वास येतो, पण तिच्यात केळे किंवा लवंग यांपैकी काहीही घातलेले नसते. पिकलेल्या केळ्यात असते तेच आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तिच्यातले यीस्ट आंबवताना स्वतः तयार करते, आणि तापमान थोडे वाढू दिले की सहसा केळे अधिकच पुढे येते. गंमत अशी की, बिअर फक्त जव, हॉप्स आणि पाणी यांचीच करावी असा जो हुकूम बव्हेरियात १५१६ साली निघाला, त्यात यीस्टचा उल्लेखच नाही. तळाशी साचणारा गाळ लोकांच्या ओळखीचा होता. पण तो जिवंत आहे आणि सगळे काम तोच करतो, हे उमगायला पाश्चरचा काळ उजाडावा लागला. त्याने बिअरवर लिहिलेला ग्रंथ १८७६ चा आहे.

स्टाउटचे तितके कौतुक मला वाटत नाही. तिचा काळा रंग पाहून ती जड आणि मादक असणार अशी समजूत होते. वास्तविक तो रंग मूठभर करपवलेल्या धान्याचा असतो आणि कित्येक स्टाउट शेजारच्या आयपीएपेक्षा सौम्य निघतात. तरीही ट्रे आला की सर्वांची नजर आधी तिच्याकडेच जाते.

आणि लागर? ती पहिली येते, तहानेच्या भरात संपते आणि पुढच्या तीन चवींखाली विसरली जाते. ट्रेची ही पद्धत तिच्यावर अन्याय करते, असे माझे ठाम मत आहे. एल (ट्रेमधल्या बाकीच्या तिन्ही बिअर याच प्रकारच्या) साधारण दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येऊ शकते. लागर थंडीत हळूहळू आंबते आणि मग शून्य अंशाच्या आसपास पुष्कळदा महिनाभर किंवा त्याहूनही अधिक पडून राहते. या मुक्कामाची घाई केली तर तिला लोण्यासारखा वास येतो, कारण आंबताना तयार झालेले डायअसिटिल यीस्टनेच पुन्हा शोषून घ्यावे लागते आणि त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो. आयपीएमध्ये असा दोष हॉप्सच्या आड खपून जाईल, स्टाउटमध्ये तो कॉफीच्या वासात बुडेल. लागरमध्ये लपायला जागाच नसते. १८४२ साली आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेनमध्ये योसेफ ग्रोल याने पहिली सोनेरी लागर केली, ती फिक्या माल्टवर (मोड आणून वाळवलेल्या जवावर), मऊ पाण्यावर आणि साट्झ जातीच्या हॉप्सवर. त्यानंतर जगभर तिच्या इतक्या नकला झाल्या की, साधी बिअर म्हणजे कारखान्यातली बिअर असे समीकरणच होऊन बसले.

म्हणून उलट फिरताना मी लागरपाशी थांबतो. एव्हाना ती कोमट झालेली असते, फेस बसलेला असतो आणि थंडीने दबलेल्या गोष्टी वर आलेल्या असतात. चांगली असेल तर ताज्या पावाच्या कडेची चव लागते आणि घोट सरल्यावर तोंड कोरडे, स्वच्छ राहते. वाईट असेल तर उकडलेल्या मक्याचा वास येतो आणि मग बनवणाऱ्याशी डोळे न भिडवलेले बरे. ज्या टाकीत दोन वेळा एल निघाली असती ती एका लागरसाठी अडकवून ठेवणे छोट्या ब्रूपबला परवडत नाही, त्यामुळे अनेक जण तो नाद सोडतात. फळ्यावर लागरचे नाव दिसले की इथल्या माणसाला हिशोबापेक्षा हट्ट प्यारा आहे, असे मी धरून चालतो.

एवढी तरफदारी केल्यावर मोठा ग्लास लागरचाच मागवायला हवा, हे मला कळते. मागवतो मात्र गव्हाच्या बिअरचा. त्या केळ्यापुढे माझे काही चालत नाही.