‘बेखेतारियाना’ एवढे पुरत नाही

कामानिमित्त दीड महिना माद्रिदला राहायचे ठरले, तेव्हा मी काही स्पॅनिश वाक्ये घोकून ठेवली होती आणि त्यांत ‘सोय बेखेतारियाना’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, हे सर्वांत पक्के होते. लावापिएस भागातल्या एका छोट्या खानावळीत दुपारी दोन वाजता, म्हणजे तिथल्या जेवणाच्या वेळेला, मी ते ठसक्यात म्हणून टाकले. दाराशी फळ्यावर खडूने ‘मेनू देल दिया’ लिहिलेला होता: ठरलेल्या किमतीत पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी. त्यातले ‘लेन्तेखास’ म्हणजे आपल्या मसुराचेच भाऊबंद, हे ठाऊक असल्याने ‘दे प्रिमेरो, लेन्तेखास’ असे सांगून मी निर्धास्त बसले. वाफाळती आमटी आली, तिच्यावर लालसर तवंग होता आणि चमचा ढवळताच तळातून चोरिथोची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, जाड चकती वर आली.

वेटरने तत्परतेने ताट बदलून ‘एन्सालादा मिक्स्ता’, म्हणजे मिश्र सॅलड, आणली, तर तिच्यावर टूना मासा. मी ‘कार्ने?’ म्हणून बोट दाखवले, तेव्हा त्याने अगदी प्रामाणिकपणे नकारार्थी मान हलवली, कारण तिथे ‘कार्ने’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर गाय-डुकराचे मांस येते. मासा त्यात धरत नाहीत आणि भाजीत पडलेले हॅमचे तुकडेसुद्धा पुष्कळांना केवळ चवीपुरते वाटतात. त्याची काही लबाडी नव्हती. माझा प्रश्नच अपुरा होता.

त्या रात्री मी ‘येबा’ हे क्रियापद पाठ केले. एखाद्या पदार्थात अमुक घातलेले असते का, हे त्यानेच विचारतात, आणि आजोळी मालवणी ‘येवा’ ऐकत वाढलेल्या मला ते विसरणे शक्यच नव्हते. पुढच्या खेपेला मी एकेक नाव घेऊन विचारले: ‘येबा खामोन? येबा आतून? येबा काल्दो दे कार्ने?’ हॅम आणि टूनाला त्याने जागीच नकार दिला; मांसाच्या रश्श्याच्या प्रश्नावर मात्र तो थबकला, आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून आला आणि ‘पिस्तो’ घ्या म्हणाला. तो म्हणजे टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा आणि झुकिनी मंद आचेवर शिजवून केलेली भाजी. ‘सिन उएबो’, अंड्याशिवाय, हे मला अखेर आठवले, पण तोवर तो वहीत काहीतरी लिहून निघून गेला होता.

पिस्तो आला. वर अंडे होतेच.