खांबाला घासलेलं दार आणि विम्याचं गणित

पुण्यात बाबांची ठरलेली पद्धत आहे. पॉलिसी संपत आली की गाडीभोवती एक फेरी मारायची, कुठे काय खरचटलंय ते बघायचं आणि झिरो डेप (म्हणजे सुट्या भागांची झीज न कापता पैसे देणारी पॉलिसी) आहे म्हणून क्लेम टाकून मोकळं व्हायचं. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला तर गेला! त्यामुळे इथे श्टुटगार्टमध्ये आमच्या गाडीचं मागचं दार तळघरातल्या पार्किंगच्या खांबाला घासलं (गाडी नवरा चालवत होता, नोंद असावी), तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "अगं, क्लेम टाकलास का?"

नाही टाकला, आणि टाकणारही नव्हते.

जर्मनीत विनाक्लेम गेलेल्या प्रत्येक वर्षागणिक विमा कंपनीकडचा तुमचा वर्ग (ज्यावरून हप्ता ठरतो) एकेक पायरी चढतो आणि हप्ता उतरतो. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी एकदम काही पायऱ्या खाली. त्या परत चढायला वर्षं जातात आणि तोवर हप्ता जास्तच भरायचा. आमच्या फोलकास्कोमध्ये, म्हणजे स्वतःच्या चुकीचं नुकसानही भरून देणाऱ्या विम्यात, पहिले ३०० युरो आपल्या खिशातले. अधिकृत वर्कशॉपने दाराचे ९०० सांगितले, म्हणजे कंपनीकडून मिळणार ६००. वर्ग घसरला तर किती जादा भरावे लागतील, ते विमा कंपनीला विचारलं. विचारलं की सांगतात, फक्त आपणहून सांगत नाहीत. पाच वर्षांत साडेसातशेच्या आसपास. म्हणजे ६०० घ्यायचे आणि ७५० परत करायचे!

मग स्वतः करायचं की नाही, हे नखाने ठरवलं. ओरखड्यावरून आडवं नख फिरवायचं. अडकलं नाही तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे, पॉलिशने जातो. आमच्याकडे दोन ठिकाणी नख अडकलं आणि एका ठिकाणी चक्क पत्रा दिसत होता. प्लॅस्टिकच्या बंपरवर असतं तर मी तसंच ठेवलं असतं, पण दार पत्र्याचं आणि इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. गंज धरायला वेळ लागत नाही. शेवटी पोचे काढून तेवढाच भाग रंगवणाऱ्या एका छोट्या गॅरेजात अडीचशेत काम झालं. नवऱ्याला रंगाची बाटली आणून घरीच करायचं होतं. चंदेरी मेटॅलिक रंग हाताने जुळत नाही, हे त्याला पटवण्यातच एक संध्याकाळ गेली.

मात्र हे गणित स्वतःच्या गाडीपुरतं. दुसऱ्याच्या गाडीला धक्का लागला तर "जाऊ दे, हातात शंभर युरो देतो" हे इथे जपून करा. मालक जागेवर नसेल तर वायपरखाली चिठ्ठी खोचून निघून जाणं पुरेसं नाही. थांबायचं, नाहीच आला तर पोलिसांना कळवायचं. नाहीतर अपघात करून पळ काढल्याचा गुन्हा लागतो आणि त्यात लायसन्सही जाऊ शकतं. नवीन आलेल्या आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगत सुटते.

अशा वेळी विमा कंपनीला आठवड्याच्या आत कळवलेलं बरं. समोरच्याची मागणी वाजवी आहे का, हे तीच तपासते आणि अवाच्या सवा असेल तर नाकारते. रक्कम लहान निघाली, तर कंपनीने कळवल्यापासून बहुधा सहा महिन्यांत ती आपण परत भरू शकतो आणि मग वर्ग घसरत नाही. कळवलं म्हणजे बोनस गेलाच, असं नाही.

गारा, फुटलेली काच किंवा गाडीला धडकलेलं हरीण असेल तर बिनधास्त क्लेम करा. हे टाइलकास्कोत, म्हणजे आपल्या चुकीने न झालेलं असं नुकसान भरून देणाऱ्या विम्यात येतं आणि त्याने वर्ग घसरत नाही. आमच्या भागात गारा ही चेष्टा नव्हे. जुलै २०१३ मध्ये रॉइटलिंगेनकडे अशा गारा पडल्या की गाड्यांच्या टपांची चाळण झाली.

आणि गाडी लीजवर असेल तर यातलं काहीच आपल्या हातात नाही. आधी लीज कंपनीला फोन, मग ती सांगेल त्या वर्कशॉपमध्ये.