थोमाचा प्रश्न

रविवार, रात्री

पुनरुत्थानाच्या सणानंतरचा, म्हणजे ईस्टरनंतरचा रविवार, म्हणून आज उपासनेत थोमाचं वाचन होतं. येशूचा हा शिष्य, येशू मेलेल्यांतून उठला हे नुसतं ऐकून न मानणारा. लोक त्याला संशयी म्हणतात, मला तो जवळचा वाटतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझा अख्खा दिवस पुराव्यातच जातो. आकडा जरा वेगळा आला की नमुना पुन्हा लावायचा, स्लाइड पुन्हा बघायची, मगच रिपोर्टवर सही. तिथे ‘मला वाटतं’ला किंमत नाही, आणि नसावीच.

घरी आल्यावर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय परत काढला. खिळ्यांच्या व्रणांत बोट आणि कुशीत हात घातल्याशिवाय मी विश्वास धरणार नाही, असं थोमा ठणकावून सांगतो. आठ दिवसांनी येशू समोर उभा राहतो आणि म्हणतो, तुझं बोट इकडे कर, हात पुढे कर. रागावत नाही. पण पुढे थोमाने खरोखर बोट लावलं, असं शुभवर्तमानात कुठेच नाही. चित्रांत लावलेलं असतं. वचनात तो एवढंच बोलतो, “माझा प्रभू, माझा देव!”

आणि हाच थोमा चौदाव्या अध्यायातही भेटतो. आपण कुठे जाता हेच आम्हाला ठाऊक नाही, मग मार्ग कसा ठाऊक असणार, असं येशूला विचारणारा तोच. “मार्ग, सत्य व जीवन मीच आहे” हे उत्तर आपण पाटीवर लिहून भिंतीला लावतो, पण ते पहिल्यांदा मिळालं ते त्याला. येशूचा न्याय करणाऱ्या रोमी सुभेदार पिलातानेही त्याला सत्य काय आहे असं विचारलं, पण उत्तराला न थांबता तो बाहेर निघून गेला. थोमा थांबला. ख्रिस्ती श्रद्धेत सत्य म्हणजे आधी प्रभू स्वतः आहे, असं मी मनापासून मानते. माणूस तरी आपल्याला कसा कळतो? भरवसा टाकल्यावरच ना!

अशा वेळी मला पंडिता रमाबाई हटकून आठवतात. कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेते, आणि तरी प्रश्न विचारायचं सोडत नाही. त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून, वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून केवढा वाद! चर्च सांगतं म्हणून मान तुकवणं त्यांना जमणारं नव्हतं. पुढे त्यांनीच साक्ष दिली की इतकी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. तो सापडल्यावर त्यांनी बुद्धी बाजूला ठेवली म्हणावं, तर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं पवित्र शास्त्र बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणण्यासाठी आयुष्याच्या अखेरीपर्यंत राबल्या.

त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळात अन्नावाचून गेले होते. वीसेक वर्षांनी, १८९६ मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. एवढ्या जणींना पोसायची तजवीज आधी झालेली नव्हती. प्रभू पुरवील या भरवशावर त्या निघाल्या. जो देवाच्या इच्छेप्रमाणे करू पाहील त्याला ही शिकवण कोणाची आहे ते समजेल, असं योहानाच्या सातव्या अध्यायात आहे. आधी करणं, मग कळणं. हे वाचून मला बरं वाटतं आणि धाकही वाटतो, कारण माझी पावलं अजून आधी सोय बघतात.

लेकीचं यंदा दृढीकरण आहे, म्हणजे बाप्तिस्म्यातला विश्वास ती आता स्वतः चर्चसमोर कबूल करणार. चर्चमधून येताना रिक्षात तिने विचारलं, “आई, थोमाला दाखवलं, मग मला का नाही दाखवत?” न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, हे पुढचं वचन मी तिला सांगितलं. तिचं समाधान झालं नाही, आणि ते मला आवडलं. मे महिन्याच्या सुट्टीत तिला केडगावला रमाबाईंचं मुक्ती मिशन दाखवायला नेणार आहे. तोवर योहान आम्ही दोघी रोज एकेक अध्याय वाचू, उद्यापासूनच.