मारुती झेनच्या पुढच्या ब्रेक डिस्क: किमान जाडीपर्यंत ०.४ मिमी शिल्लक होती, तरी बदलल्या

१,३८,००० किमी. ठाण्यात येऊरच्या उतारावरून उपवनकडे येताना तिसऱ्या वळणापासून ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरू लागलं. गॅरेजवाल्याने नखाने डिस्कची कड चाचपली आणि म्हणाला, "चालतील अजून, लेथवर मारून घ्या." म्हणजे पृष्ठभाग थोडा तासून सपाट करायचा. मापाशिवाय मला पटेना.

रविवारी चाकं काढली. कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) तारेने टांगले, ब्रेक तेलाच्या होजवर लोंबकळू दिले नाहीत. डिस्कच्या मधल्या भागावरचा गंज घासल्यावर किमान जाडीचा आकडा दिसला, त्याहून पातळ डिस्क वापरायची नसते. इथे व्हर्निअर फसवतो. बाहेरच्या कडेला पॅड पोहोचत नाही, तिथे न झिजलेली धार उरते. जबडे तिच्यावर टेकले की डिस्क आहे त्याहून जाड भासते. वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या टर्नरकाकांकडून मायक्रोमीटर आणला आणि कडेपासून साधारण १० मिमी आत, गोल फिरवत आठ ठिकाणी मोजलं. हिशेबात धरायचं ते सर्वांत कमी माप. डावी डिस्क किमान जाडीच्या फक्त ०.४ मिमी वर, उजवी ०.७.

डावीच्या आठ मापांत ०.०४ मिमीचा फरक होता, थरथर त्याचीच. सगळे म्हणतात डिस्क वाकली. बहुतेकदा वाकलेली नसते, जाडी असमान झालेली असते. आमच्याकडे मूळ सापडलं हबवर, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या चाकाच्या मधल्या भागावर. तिथे गंजाची पपडी होती. डिस्क तिच्यावर किंचित तिरकी बसते, दर फेरीला एकाच जागी पॅडला घासते आणि तिथेच झिजते. पपडी तशीच ठेवून नवी डिस्क चढवली असती, तर काही महिन्यांत तीच थरथर परत आली असती.

काका म्हणाले, "लेथवर चरे काढायला दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिमी तरी जाईल." म्हणजे अर्धा मिमी, आणि आपल्याकडे ०.४. पातळ डिस्कमध्ये उष्णता सामावायला लोखंडच कमी, उतारावर ती लवकर तापते. पावसाळ्याआधी हा धोका नको होता. उजवी चालली असती, पण एका एक्सलवर जोडीच बदलायची.

हब वायरब्रशने चकचकीत केले, नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसलं, पॅडही नवे. मग नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना जुळावेत म्हणून पहाटे घोडबंदर रोडवर वेग ६० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, दहा वेळा मध्यम ब्रेक. मधे थंड होऊ दिलं.

पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर येणारा तांबूस थर दोन-चार ब्रेकमध्ये जातो, त्यावरून डिस्क बदलू नका. भेग कडेपर्यंत गेली असेल तर मात्र मोजत बसू नका, ती डिस्क भंगारातच.

काल पुन्हा येऊर. पेडल स्थिर. पुढचं माप ५,००० किमीनंतर.